शून्य अंश

पडद्यावर एक वर्तुळ. त्याच्या कडेला
तीनशे साठ बिंदू, एकासारखा एक,
मंगल कार्यालयात पाहुणे यायच्या आधी मांडलेल्या खुर्च्या.
ही पेशी. म्हणजे पेशीची मी लिहिलेली गोष्ट,
दोन समीकरणांत,
फतेहगंजच्या एका इमारतीत, जिथे नऊनंतर एसी बंद करतात.

तिला अजून पुढं नाही, मागं नाही.
पोटात एक प्रथिन भटकतंय.
कडेला टेकलं की ते आणखी सोबत्यांना बोलावतं,
आणि साठा मोजका,
इकडे गर्दी झाली की तिकडे ओस.
एवढंच. एवढ्यावर म्हणे तिला तोंड फुटतं.

जुनं बडोदंही असंच आखलेलं.
मधोमध मांडवी, चार दिशांना चार दरवाजे,
लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट.
बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून
मांडवीखाली थांबायचे. सांग, कुठं जायचं?
मी गप्प. चारही कमानी सारख्याच.
मग मागून कुणीतरी वैतागून घंटी वाजवायचं
आणि आम्ही निघायचो,
चाक ज्या बाजूला कललं असेल त्या बाजूला.

संगणकात घंटी म्हणजे यदृच्छ आकडे,
फार बारीक, दशांशचिन्हापासून चौथ्या घरात राहणारे.
पहिल्याच रात्री पेशीनं तोंड वळवलं.
पूर्वेला.
दुसऱ्यांदा चालवलं, पूर्वेला.
अकरा वेळा चालवलं.
घोरपडे मॅडम फोनवर म्हणाल्या, वा, आलेख पाठव.
ओजस मात्र, डब्यातलं थेपलं मोडत,
"दीदी, हिचं पाणीगेटात रोज काय काम असतं?"

मी हसले.
जिना उतरेपर्यंत हसत होते.

रात्री दोनला सापडलं. चौदाव्या ओळीत
मी शून्य अंशापासून मोजायला घेत होते
आणि जुन्या आकड्यावरच नवा लिहीत पुढं सरकत होते.
पंगतीत ज्याच्यापासून वाढायला सुरुवात,
त्याच्या पानात जिलबी दोनदा पडते, तसं.
शून्य अंश म्हणजे उजवीकडे. उजवीकडे म्हणजे पूर्व.
तिनं काहीच निवडलं नव्हतं.
माझ्या हाताची सवय तिच्या तोंडावर उमटली होती
आणि मी तिला निसर्ग म्हणत होते.

ओळ दुरुस्त केली. आता आधी सगळ्यांचं मोजायचं,
मग सगळ्यांना एकदम वाढायचं.
पेशी बराच वेळ गोलच राहिली.
मग कुठेतरी दोनशे अकराव्या अंशाशी
एक फुगवटा, आणि समोर दुसरा.
दोघांनी एकाच साठ्यातून ओढायला घेतलं.
चहा गार झाला. एक हळूहळू ओसरला,
भांडण न करता, जसं वर्गात कुणी हात खाली घेतं.
उरला त्याला आम्ही ध्रुव म्हणतो.
शाळेत शिकलो तो ध्रुव अढळ होता, आधीपासून जागेवर.
पण तोही मुळात
मांडीवर जागा न मिळालेला पोरगाच.

पुढच्या वेळी ती उत्तरेला वळली. मग नैर्ऋत्येला.
कृमीच्या खऱ्या अंड्यात हे एक शुक्राणू ठरवतो,
तो ज्या बाजूनं शिरतो ती बाजू मागची होते.
एवढासा धक्का, आणि शेपूट कुठे, डोकं कुठे,
जन्मभराचं ठरून जातं.

पुण्यात परिषदेला गेले की विचारतात,
मराठी छान बोलता, पण मूळच्या कुठल्या?
मी बडोदं म्हणते. ते म्हणतात, नाही, मूळच्या.
पणजोबा साताऱ्याकडून निघाले होते, एवढं ठाऊक आहे.
इंदूरला जायचं होतं म्हणतात.
आत्या सांगते, इथे कारकुनाची जागा रिकामी होती.
काका सांगतात, विश्वामित्रीच्या काठाशी
त्यांचा डावा बैल लंगडायला लागला.

मी दोन्ही लिहून ठेवलंय.
डावा बैल, चौथ्या घरातला आकडा.
पहाटे स्कूटर घेऊन मांडवीखाली थांबले,
रस्ता रिकामा,
मागून घंटी वाजवणारं कुणी नाही.